वजा चौदा तास

आमच्या मुलीच्या शाळेत सहानुभूतीची टंचाई असल्याचे व्यवस्थापनाच्या लक्षात आले, तेव्हा वर्ष सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. लगोलग परिपत्रक निघाले. सातवी ते नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने जानेवारीअखेरपर्यंत चाळीस तास समाजसेवा करावी, प्रत्येक तासासाठी नमुना 'स-४' वर लाभार्थ्याची सही घ्यावी आणि सोबत छायाचित्र जोडावे. छायाचित्रात विद्यार्थ्याचा चेहरा व लाभार्थ्याचे समाधान, दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजे. तास न भरल्यास पुढच्या वर्गात प्रवेश मिळणार नाही. तळाशी ठळक अक्षरांत लिहिले होते: 'सेवा मनापासून करावी. मनापासून न केलेले तास ग्राह्य धरले जाणार नाहीत.'

मी एका कार्यालयात बावीस वर्षे आवक-जावक विभाग सांभाळतो. कागद पाहताक्षणी मला त्याची प्रकृती कळते. या परिपत्रकावर जावक क्रमांक होता, दिनांक होता, गोल शिक्का होता. त्यामुळे मला त्यात वावगे काहीच दिसले नाही.

मुलगी नववीत होती. तिने परिपत्रक वाचले आणि विचारले, "बाबा, चाळीस तास झाल्यावर काय होतं?"

"मग संपलं."

"म्हणजे माणूस चांगला होतो?"

"म्हणजे माणूस दहावीत जातो."

तिच्या आईने माझ्याकडे नुसते पाहिले. आमच्या घरात हा शेरा सर्वांत कडक समजला जातो.

या उपक्रमाची जबाबदारी चित्रकलेच्या बाईंकडे आली. चित्रकलेचा तास त्याच वर्षी बंद झाल्याने बाईंचे हात मोकळे होते. त्यांना एक शिक्का, एक नोंदवही आणि चारशे बारा विद्यार्थी देण्यात आले. बाईंनी पहिल्याच दिवशी हिशेब मांडला. चारशे बारा गुणिले चाळीस म्हणजे सोळा हजार चारशे ऐंशी तासांची सेवा. आणि आमच्या भागातले गरजू बाईंनी घरोघर फिरून मोजले, ते निघाले तेवीस. त्यांतल्या दोघांनी आपण गरजू असल्याचा इन्कार केला.

आधी बागेवर मोहीम निघाली. चारशे बारा मुलांनी बाग सतरा मिनिटांत लख्ख केली. दुसऱ्या दिवशी मुले आली तेव्हा कागदाचा कपटासुद्धा नव्हता. तिसऱ्या दिवशी सातवीच्या पालकांनी सकाळी घरून कचरा आणून बागेत नीट पसरवला आणि सातवीने तो वेचला. मग आठवीच्या पालकांनी तक्रार केली, की सातवीवाले सगळा कचरा संपवतात. शेवटी कचऱ्याचे वेळापत्रक लागले. बागेचा माळी चार दिवस फाटकापाशी उभा राहून बघत होता. पाचव्या दिवशी त्याने बदलीसाठी अर्ज केला.

वृद्धाश्रमातही तीच तऱ्हा झाली. तिथल्या एका आजींचे केस सोमवारी नऊ मुलींनी विंचरले. मंगळवारी आजी डोक्याला पंचा घट्ट गुंडाळून बसल्या. बुधवारी दारावर पाटी लागली: 'आज सेवा नको.' ती पाटी नंतर कुणी काढली नाही.

अशा रीतीने सगळ्यांचे लक्ष शिंपीकाकांकडे वळले.

शिंपीकाका आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहायचे. पुढे रस्त्यालगत दुकान, मागे एक खोली. वय बहात्तर, बायको जाऊन सहा वर्षे झालेली. पायमशीन, कात्री, गळ्यात टेप आणि तोंडात टाचणी. त्या टाचणीमुळे ते कमी बोलायचे आणि जे बोलायचे ते टोचायचे. नवे कपडे शिवणे त्यांनी सोडले होते. बाह्या आखूड करणे, कंबर सैल करणे, उसवलेले शिवणे, एवढेच करत. लोकांची अंगे बदलतात आणि कपडे बदलत नाहीत, या एका तत्त्वावर त्यांचे बरे चालले होते.

एका संध्याकाळी ते कापडाचे तुकडे झटकायला फुटपाथवर आले. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलाने त्यांचा दंड धरला.

"काका, रस्ता ओलांडायचाय ना?"

"नाही रे बाबा."

"थोडासा?"

"थोडासा ओलांडला तर मधेच उभा राहीन की!"

पण मुलाची आई समोरच्या फुटपाथवर कॅमेरा रोखून उभी होती. काका पलीकडे गेले. पलीकडे दुसरा मुलगा होता, तो त्यांना परत घेऊन आला. त्या आठवड्यात काकांनी तो रस्ता एकसष्ट वेळा ओलांडला. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात पलीकडे त्यांचे काहीही काम नव्हते.

आठवडाभरात काका वैतागले आणि त्यांनी सही द्यायला साफ नकार दिला. पालकांमध्ये घबराट उडाली. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंच्या मुलाचे एकतीस तास बाकी होते, म्हणून त्यांनी पुढाकार घेऊन शिष्टमंडळ नेले. कागदपत्रांची जाण म्हणून मला बरोबर घेतले.

"काका, पोरांच्या वर्षाचा प्रश्न आहे," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त सेवा करून घ्या."

"मला हवंय काय ते तरी विचारा."

"काय हवंय?"

"तुम्ही सगळ्यांनी बाजूला व्हा. उजेड अडतोय."

आम्ही बाजूला झालो. काकांनी एका पँटीची मोहरी दुमडून शिवली आणि दोरा दाताने तोडला.

"पोरांचं वर्ष बुडायला नको," ते शेवटी म्हणाले. "पाच ते सहा या वेळात पाठवा. पण रांगेत."

असे काका लाभार्थी झाले. रोज पाच वाजता दुकानापुढे रांग लागे. कुणी त्यांना पाणी दिले, कुणी वर्तमानपत्र वाचून दाखवले, कुणी तेच वर्तमानपत्र पुन्हा वाचून दाखवले. काका एका हाताने पेला घेत, दुसऱ्या हाताने सही करत आणि फोटोसाठी समाधान दाखवत. पहिल्या दिवशी चौदा पेले पाणी झाले, तेव्हा त्यांनी नियम केला, की पेला रिकामाच द्यायचा. बाईंनीही हरकत घेतली नाही. फोटोत पाणी दिसत नाही.

आमची मुलगी मात्र या रांगेत कधी नव्हती. ती शाळेतून येताना, साडेतीनलाच दुकानात जाई. सुरुवातीला दप्तराचा पट्टा शिवायला गेली होती. काकांची नजर अंधूक होत चालली होती, सुई ओवताना त्यांचा दोरा तीनदा नेढ्याच्या शेजारून जाई. मुलीने ती सुई ओवून दिली. मग पुढच्या कामासाठी अजून एक. मग रोज बारा सुया, काळ्या दोऱ्याच्या सहा नि पांढऱ्याच्या सहा, उशीला ओळीने टोचून ठेवायची, हे ठरूनच गेले. या प्रकाराची कुठेही नोंद नव्हती, म्हणून मलाही तो बरेच दिवस माहीत नव्हता.

डिसेंबरात शाळेने पडताळणी अधिकारी नेमले. हे गृहस्थ कुठल्या तरी तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते आणि घरी तपासण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांच्या मते एकशे ऐंशी विद्यार्थ्यांची सेवा एकाच माणसावर खर्च झाली होती, तेव्हा तो माणूस सेवेस पात्र आहे की नाही हे पाहणे आवश्यक होते. ते दुकानात आले, स्टूल पुसून बसले आणि त्यांनी तक्ता काढला.

"स्वतः उठता येतं?"

"तुम्ही आलात तेव्हा उठलो होतो."

"स्वतः पाणी घेता?"

"पोरं यायच्या आधी घ्यायचो."

"एकटेपणा वाटतो का?"

"रोज साठ पोरं येतात, साहेब. एकटेपणा मिळाला तर उपकार होतील."

"पोट कशावर चालतं?"

काकांनी मशीनवर हात ठेवला. साहेबांनी मशीनकडे पाहिले, खेदाने मान हलवली आणि शेरा लिहिला: 'निकड शून्य. सदर व्यक्ती स्वावलंबी असून तिची सेवा करता येणार नाही.' एकशे ऐंशी विद्यार्थ्यांचे तास एका ओळीत रद्द झाले. फेरतपासणी महिन्याभराने होती.

त्याच संध्याकाळी आम्ही पुन्हा काकांकडे गेलो.

"फक्त फेरतपासणीपुरतं," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "मशीन नजरेआड असलेलं बरं."

"आणि मशीनशिवाय मी काय करू?"

"काहीच करू नका. तेच अपेक्षित आहे."

काका मुलांच्या रांगेकडे बघत राहिले. रांगेत पुढे एक सातवीतला मुलगा होता. तो मघाशी रडला होता, कारण त्याच्या मते तो नापास होणार होता. काकांनी मशीनवर आच्छादन घातले आणि म्हणाले, "न्या."

मशीन आमच्या गॅलरीत आले. मी त्याची रीतसर नोंद केली: 'शिलाई मशीन, पायाचे, एक नग, ताब्यात.' पावतीही काकांना दिली. त्यांनी ती घडी घालून बोटात घालायच्या अंगुस्तानाच्या डबीत ठेवली. गॅलरीतले मशीन उंचीला बेताचे होते, त्यामुळे मी त्यावर जुन्या फायली ठेवू लागलो.

महिन्यात जे व्हायचे ते झाले. गिऱ्हाइके दोन-तीनदा येऊन परत गेली आणि मग पुढच्या चौकातल्या दुकानात जाऊ लागली. काकांकडे किरकोळ बटणे तेवढी राहिली. ते उशिरा उठू लागले. दाढी वाढली. पाच वाजता मुले आली, की खुर्चीतून उठायला त्यांना खरोखरच हात द्यावा लागू लागला. ते रोज साडेचारपासूनच दाराकडे बघत बसायचे.

फेरतपासणीला साहेब आले, त्यांनी काकांना आपादमस्तक न्याहाळले आणि ते प्रसन्न झाले. तक्त्यातले पाचपैकी चार रकाने भरले. शेरा होता: 'प्रगती समाधानकारक.' एकशे ऐंशी विद्यार्थ्यांचे तास मंजूर झाले. दंतवैद्यबाईंनी जिन्यातच मला टाळी दिली.

आमच्या मुलीचा अर्ज त्याच आठवड्यात तपासणीला गेला. ती घरी कधी काही बोलली नव्हती, म्हणून तिचे तास भरले असतील असे मी धरून चाललो होतो. शाळेतून बोलावणे आले, तेव्हा कळले. नमुना 'स-४' वर सेवेच्या स्वरूपापुढे तिने दोनच शब्द लिहिले होते: 'सुया ओवल्या.' फोटो नव्हता.

खोलीत साहेब होते, शेजारी चित्रकलेच्या बाई खाली मान घालून बसल्या होत्या.

"एक सुई ओवायला किती वेळ लागतो?" साहेबांनी विचारले.

"दहा सेकंद," मुलगी म्हणाली.

"रोज बारा. म्हणजे दोन मिनिटं. साठ दिवसांचे दोन तास." साहेबांनी दोन लिहिले. "पण तू तर तिथे रोज बराच वेळ असायचीस."

"काका मला काज करायला शिकवत होते. मशीन गेल्यापासून हातानेच करायचो. हे बघा." तिने सदऱ्याच्या बाहीचे काज दाखवले. काठ एकसारखा, टाके दाणेदार होते. मला शिवणकामातले काही कळत नाही, तरी ते मला नीटनेटक्या अक्षरासारखे वाटले.

साहेबांनी काज पाहिले नाही. "शिकवत होते? किती वेळ?"

"सगळं धरून सोळा तास तरी."

"म्हणजे सोळा तास त्यांनी तुझी सेवा केली." साहेबांनी वजाबाकी केली. "दोन वजा सोळा. तुझे तास होतात वजा चौदा. चाळीस भरायला अजून चौपन्न लागतील."

"साहेब, असं कसं?" बाई पुटपुटल्या.

"गणित आहे, बाई. चित्रकला नाही."

मी काहीतरी बोलायला हवे होते. पण वजाबाकी अचूक होती. बावीस वर्षांत मी अचूक कागदाविरुद्ध कधी तोंड उघडलेले नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी तास भरण्याची मुदत संपली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता दुकानापुढे कुणीही नव्हते. तिसऱ्या दिवशीही नव्हते. मी कार्यालयातून परतत होतो, तेव्हा काका दाढी करून, सदऱ्याची सगळी बटणे लावून फुटपाथवर उभे होते. मुलगी त्यांच्याजवळ होती.

"काका, कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही गं," ते म्हणाले. "पाच वाजले ना, म्हणून."

मुलगी वर आली, थेट गॅलरीत गेली आणि मशीनवरच्या माझ्या फायली उचलून जमिनीवर ठेवू लागली.

"अगं, त्या वर्षांप्रमाणे लावल्यात!"

"बाबा, एक बाजू धरा."

"आधी जावक नोंद तरी..."

तिने माझ्याकडे पाहिले. हुबेहूब तिच्या आईचे पाहणे होते. मी एक बाजू धरली. मशीन ओतीव लोखंडाचे, जिना अरुंद. तीन मजले उतरताना माझे हात भरून आले आणि मनात असे काही येत होते, की ज्याला आमच्या कार्यालयात शीर्षक नाही. दुसऱ्या मजल्यावर दंतवैद्यबाई भेटल्या. "वा! आता पालकही सेवेत!" म्हणून त्यांनी आमचा फोटो काढला.

काका मशीनसमोर बसले. पाय पट्टीवर ठेवला, पण चाक एकदा पुढे आणि एकदा उलटे गेले. दोरा तुटला.

"पाय विसरला," ते हसून म्हणाले. मग त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

दुसऱ्या संध्याकाळी चित्रकलेच्या बाई आमच्या घरी आल्या. त्यांना रात्रभर झोप नव्हती. त्यांनी नियम उलटसुलट वाचून एक पोटकलम शोधून काढले होते. 'विशेष भावस्पर्शी प्रकल्प' असेल तर मुदतीनंतरही एकाच छायाचित्रावर राहिलेले सगळे, म्हणजे चौपन्न तास मंजूर करता येत होते. काका खुर्चीत, मुलगी त्यांना पाणी देते आहे, एक हात त्यांच्या हातावर, एवढे पुरे होते.

"मी त्यांना कधी पाणी दिलेलं नाही," मुलगी म्हणाली. "ते स्वतः उठून घेतात. आता परत घ्यायला लागलेत."

"एका फोटोचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "वर्ष जाईल."

"जाऊ दे."

मी तिला समजावले, मग ओरडलो, मग पुन्हा समजावले. शेवटी आम्ही तिघेही खाली गेलो. काकांनी सगळे ऐकून घेतले, मशीनवरून उठले आणि स्वतःच खुर्चीत जाऊन बसले.

"आणा तो पेला."

"काका, हे खोटं आहे," मुलगी म्हणाली.

"खोटंच आहे. एकशे ऐंशी पोरांना खोट्या सह्या दिल्या मी, माझा हात झडला नाही. आणि जिने खरं काम केलं तिच्याच वेळी तत्त्व काढू? ये इकडे. फोटोत खोटं बोलू, सुई ओवताना नको. चालेल?"

ती गेली. तिने पेला पुढे केला. तिचे ओठ रागाने आवळलेले होते आणि डोळे काठोकाठ भरलेले होते. मी फोटो काढला. हात हलला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

चौपन्न तास त्याच दिवशी मंजूर झाले. साहेबांनी शेरा लिहिला: 'भाव उत्कृष्ट.' फोटो शाळेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. मीही तो नातेवाइकांना पाठवला, त्यांनी पुढे पाठवला आणि मग तो कुठल्या कुठे गेला. परवा माझ्या वरिष्ठांनी तो मलाच पाठवला. खाली लिहिले होते: 'माणुसकी अजून जिवंत आहे. डोळे पाणावले असतील तर दहा जणांना पाठवा.' तुमच्याकडेही आला असेलच. अंगठा दाखवणाऱ्यांत तुम्ही असाल, तर मनापासून आभार.

मुलगी पुढच्या वर्गात गेली का, असे मला सगळ्यांनी विचारले. तुमच्याही मनात आत्ता तेच आले होते ना? गेली. काका कसे आहेत, गिऱ्हाइके परत आली का, हे मात्र आजवर कुणी विचारले नाही. विचारले असते तरी मला मुलीला विचारून सांगावे लागले असते. ती रोज खाली जाते. मला वेळ झालेला नाही.

फोटो मात्र माझ्याकडे आहे. मिळाला नसेल तर कळवा, लगेच पाठवतो.